टॉवेलवरचा ब्राऊन

१

टॉवेलवर बॉल एकवीसच होते.

स्नूकरला बावीस लागतात. पंधरा लाल, सहा रंगांचे सहा, आणि ज्याने मारायचं तो पांढरा. मी दोनदा मोजले. क्लबच्या सेक्रेटरींनी चार वेळा मोजले आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच एखादा गिळून बसलेय.

"ब्राऊन नाही," मी म्हटलं. "तपकिरी. बाकी सगळे आहेत."

"बाई, आज फायनल आहे हो!" सेक्रेटरींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "हॉल भरणार आहे. पाहुणे येणार आहेत. आणि आजच—"

आजच उस्तादांचा शेवटचा सामना होता. त्यांनी महिन्यापूर्वीच तसं जाहीर केलं होतं. हॉलच्या भिंतीवरचे निम्मे फोटो त्यांचेच. गावातली अर्धी पोरं वाकून उभी राहायची ती त्यांच्यासारखी, हनुवटी क्यूच्या काठीला घासून. आणि फायनलला समोर कोण, तर त्यांचीच मुलगी. ती जिंकली तर देशाच्या संघात तिचं नाव नक्की होतं. तिला क्यू धरायला उस्तादांनीच शिकवलं, ती टेबलाच्या कडेला नाक टेकेल एवढी होती तेव्हा.

सेक्रेटरींनी टेबलाच्या मिस्त्रींना समोर उभं केलं होतं. मिस्त्रींनी सकाळी नवा सेट धुतला, बाजूच्या खोलीत टॉवेलवर सुकायला पसरला आणि ते हॉलमध्ये टेबलाच्या कापडाला इस्त्री करायला गेले. खोलीचं दार उघडंच होतं.

"उघडं कशाला ठेवलंत?" सेक्रेटरी ओरडले.

"वाफ भरते साहेब. आणि आजवर इथून काय गेलंय? खडूसुद्धा गेला नाही कधी."

"गेलं ना आज! सामन्याच्या आत बॉल आला नाही तर मी पोलिसांत जातो. आणि ज्याने घेतला तो खेळाडू असेल तर त्याला जन्मभर क्यू धरू देणार नाही. आणि खेळाडू नसेल," त्यांनी मिस्त्रींकडे बघितलं, "तर उद्यापासून इथे यायचं कारण नाही."

सतरा टेबलं बसवलेला माणूस, मान खाली घालून उभा राहिला. मला असला तमाशा मुळीच खपत नाही.

"दुपारपर्यंत वेळ द्या मला," मी म्हटलं. "आणि तोवर कोणावर आवाज चढवायचा नाही."

मी पंच आहे. माझ्यावर आवाज चढवायची सवय सेक्रेटरींना नाही.

२

सकाळपासून त्या खोलीवरून तिघेच गेले होते. उस्ताद आपला कोट टांगायला, त्यांची मुलगी सरावाला, आणि वकीलसाहेब विसरलेला क्यू न्यायला. वकीलसाहेब परवा सेमीफायनलला उस्तादांकडून हरले होते, आणि अजून त्यांच्या नाकाचा शेंडा लालच होता.

"माझ्यावर संशय?" ते बाकावर बसून क्यू पुसत होते. "बाई, मला चोरी करायची असती तर मी काळा चोरला असता. सात गुणांचा. ब्राऊन घेऊन काय लोणचं घालू?"

"राग तर आहे ना तुम्हाला?"

"आहे. लपवत नाही. पण राग उस्तादांवर नाही, माझ्यावर आहे. त्यांनी मला आयता सामना दिला होता, आणि मी तो घालवला." ते पुढे वाकले. "तुम्हीच पंच होता. आठवतंय ना, ते डोळ्यांवर पाणी मारायला बाहेर गेले होते?"

आठवत होतं. ते बाहेर असताना वकीलसाहेबांची पाळी होती. त्यांनी ब्राऊनला ढकलून लालांच्या घोळक्यात नेऊन बसवलं. उस्ताद परत आले, वाकले आणि त्यांनी खाडकन ब्राऊनच मारला. मारायचा होता लाल. शिकाऊ पोरगंसुद्धा करणार नाही असा फाऊल.

"म्हणाले, क्यू घसरला," वकीलसाहेब म्हणाले. "उस्तादांचा क्यू! मला तर खरंच वाटेना."

मलाही तेव्हा काहीतरी खटकलं होतं. क्यू घसरला की फटकन कोरडा आवाज येतो. तो आला नव्हता. ठोका अगदी स्वच्छ होता, आणि बॉल गेला तो नेम धरल्यासारखा सरळ.

मी उठले. दाराशी पोचले तोच वकीलसाहेब मागून म्हणाले, "बाई, चोराला एक बॉल घेऊन मिळालं काय? तुम्ही आता जुना सेट लावणार. सामना तर होणारच."

मी जागीच थांबले. कारण त्यांनी नकळत नेमकी गाठ सोडली होती.

३

बाहेरच्या माणसाला वाटेल, ब्राऊन गेला तर जुन्या सेटमधला ब्राऊन आणून ठेवावा, झालं. तसं चालत नाही. एका सेटचे बॉल वजनाने एकमेकांशी जुळवलेले असतात. एक गेला की अख्खा सेट बाजूला. दुसरा नवा सेट मागवायचा तर दोन दिवस जाणार. म्हणजे ज्याने कोणी एक बॉल उचलला, त्याला बॉल नको होता, सामना मोडायचाही नव्हता. त्याला आज टेबलावर जुना सेट हवा होता.

पण कशासाठी? जुना सेट म्हणजे सरावाचा, पोराटोरांनी बडवलेला. त्यावर कोणाचंच भलं होण्यासारखं नव्हतं.

"मिस्त्री, जुना सेट मांडा पाहू," मी म्हटलं.

मिस्त्री निमूटपणे मांडत होते तेवढ्यात उस्तादांची लेक चहाचा कप घेऊन आली. डोळे सुजलेले. रात्री झोपली नसावी.

"पंचमावशी, मिळाला का?"

"मिळेल. तू जेवलीस का काही?"

"नंतर." ती चहा पीत होती, डाव्या हाताने. उजवा हात जॅकेटच्या खिशात. मी बिस्किटांची बशी पुढे केली, तर तिने कप टेबलाच्या कडेवर ठेवला आणि पुन्हा डाव्याच हाताने बिस्किट घेतलं. मिस्त्री कळवळले. कापडाजवळ चहा! एरवी हिनेच दुसऱ्याला हाकललं असतं.

"सराव कर ना थोडा," मी म्हटलं.

"नको. हात गार पडलेत." आणि ती निघून गेली.

मी टेबलाकडे वळले. वरचे दिवे लावले. इतकी वर्षं त्याच दिव्यांखाली राहून जुने लाल पार उतरले होते, गाजरासारखे नारिंगी झाले होते. ब्राऊन मात्र तसाच्या तसा गडद. लालांच्या मधोमध ठेवला तरी लांबून वेगळा दिसत होता. नव्या सेटमध्ये दोन्ही सारखेच गडद आहेत. माझ्यासारखीला त्याने काही फरक पडत नाही, मला रंग दिसतात.

ज्याला रंग दिसत नाहीत, फक्त फिकं आणि गडद कळतं, त्याला पडेल.

परवाची सेमीफायनल डोळ्यांसमोर उभी राहिली, तीही याच नव्या सेटवर झाली होती. प्रत्येक ठोक्यानंतर उस्ताद खुर्चीतून अर्धवट उठून ब्राऊनकडे बघत राहायचे, तो पुरता थांबेपर्यंत. आम्हाला वाटायचं, काय एकाग्रता! ते ब्राऊन कुठे थांबला हे पाठ करत होते. एकदाच बाहेर गेले, आणि तेवढ्यात तो हलला.

जुना सेट हवा होता तो उस्तादांना. आणि मी हे मनाशी म्हणतेय तोच मागून त्यांचाच आवाज आला.

"बाई, शोध थांबवा. बॉल मी घेतलाय."

४

मी त्यांना बाजूच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. टॉवेलवरचे एकवीस बॉल तसेच पडले होते, धुतल्यावर कसेही ओतलेले.

उस्ताद ताठ उभे होते. सामन्याचा पांढरा सदरा, वर काळं जाकीट. परवाचं ते 'क्यू घसरला' सोडलं तर त्या माणसाने आयुष्यात कधी खोटं सांगितलं नव्हतं. कोणाला न दिसलेला फाऊल स्वतः हात वर करून सांगायचे. एकदा तर त्यापायी अजिंक्यपद गेलं.

"का घेतलात?" मी विचारलं.

"जुन्या बॉलवर हात बसलाय माझा. म्हातारपणी हट्ट सुचतात. तुम्ही सेक्रेटरींना सांगा, मी खेळत नाही. पोरीला विजयी घोषित करा."

"बॉल कुठेय?"

"फेकला."

मी हातमोजे चढवले. त्यांच्याकडे पाठ करून टॉवेलवरचा एक बॉल उचलला, वळले आणि तळहात त्यांच्यासमोर उघडला.

ते बघत राहिले. बराच वेळ. मग त्यांचे खांदे उतरले.

"म्हणजे मिळाला तुम्हाला ब्राऊन," ते म्हणाले.

माझ्या हातात लाल होता.

मला ते सांगवेना हो. मी तशीच उभी राहिले. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं असावं. ते स्टुलावर बसले आणि त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"लाल आहे का?"

"लाल आहे, उस्ताद. तुम्ही या ढिगातून ब्राऊन वेचून काढूच शकत नाही. तुम्हाला जुना सेट हवा असता तर हाताला लागेल तो बॉल घेतला असता."

"नस सुकत चाललीय म्हणाले डॉक्टर. रंग आधी जातात. मग बाकीचं." त्यांनी डोळे चोळले. "मी घरात कोणाला सांगितलं नाही. म्हटलं, एवढा एक सामना पोरीबरोबर खेळू, मग सांगू. एका शब्दाने बोललो नाही तिच्याजवळ."

"मग हे खोटं कोणासाठी बोललात?"

ते हसले, ते हसणं बघवत नव्हतं. "तिचा उजवा हात सकाळपासून खिशातून बाहेर आलेला नाही. रंग दिसत नसतील मला बाई, लेक दिसते."

मग एकदम त्यांचं हसू मावळलं. आतापर्यंत त्यांनी फक्त तिला वाचवायचा विचार केला होता. तिने हे का केलं, हा विचार आत्ता त्यांच्यापर्यंत पोचला.

"म्हणजे तिला माहीत आहे," ते म्हणाले. "घरात माझ्यासमोर बसून जेवत होती, आणि तिला माहीत होतं."

५

ती मागच्या व्हरांड्यात पायरीवर बसली होती. मी शेजारी बसले आणि हात पुढे केला. तिने खिशातून मूठ काढली आणि बॉल माझ्या हातावर ठेवला. इतका वेळ मुठीत राहून तो चांगला गरम झाला होता.

"कधी कळलं तुला?"

"घरी सराव करताना. बॉल मांडायचं काम बाबा मला सांगायला लागले. आयुष्यात कधी दुसऱ्याला मांडू दिले नव्हते त्यांनी. मग एक दिवस मी मुद्दाम ब्राऊन आणि लाल अदलाबदल करून ठेवले." तिचा आवाज चिरकला. "ते खेळत राहिले, मावशी. त्यांना कळलंच नाही. मी न्हाणीघरात जाऊन रडले."

"विचारलं का नाहीस त्यांना?"

"ते सांगत नव्हते ना. मग मी कसं विचारू?"

बापलेक एकाच घरात, एकाच टेबलाभोवती महिनाभर फिरत होते, आणि एकमेकांना जपत होते. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचंही वाईट वाटलं.

"जुन्या सेटवर त्यांना दिसलं असतं," ती म्हणाली. "मग मी जिंकले असते की हरले असते, काय ते झालं असतं. पण खेळ खेळासारखा झाला असता. सगळ्या गावासमोर ते ब्राऊनला लाल समजून मारणार, आणि लोक म्हणणार म्हातारा संपला. त्यावर मी जिंकायचं? तसं नकोय मला संघात नाव."

"अगं वेडे, लाल उचलायचा होतास. पंधरा होते. एखादा लाल गेला असता तर घरंगळला असेल म्हणून आम्ही सोडून दिलं असतं. तू नेमका ब्राऊन घेतलास म्हणून मला वाट सापडली."

"लालच घ्यायला गेले होते." तिने डोळे पुसले. "पण हात त्याच्यावरच गेला. महिनाभर दुसरं काही बघतच नव्हते मी. आता चुकतील, आता चुकतील."

मी बॉल रुमालात गुंडाळला. मान खाली घातलेले मिस्त्री माझ्या डोळ्यांसमोर होते.

"तुझ्यापायी मिस्त्रींच्या पोटावर पाय येत होता. ते मी झाकणार नाही. आणि आपल्या खेळात फाऊल ज्याचा त्याने सांगायचा असतो. कोणी शिकवलं तुला हे?"

ती उठली. जॅकेट नीट केलं.

"आधी बाबांना सांगते," ती म्हणाली. "मग बाकीच्यांना."

बाजूच्या खोलीत दोघं किती वेळ होती मी पाहिलं नाही. मी दाराबाहेर उभी राहिले आणि सेक्रेटरींना आत जाऊ दिलं नाही. आतून बोलण्याचा आवाज येत नव्हता. एकदा फक्त उस्ताद म्हणाल्याचं ऐकू आलं, "पोरी, तू एकटीने एवढं घेऊन बसलीस?" आणि मग नाक ओढल्याचा आवाज. कोणाचा, ते सांगता येणार नाही.

बाहेर येऊन ती सरळ मिस्त्रींकडे गेली आणि त्यांच्या पाया पडली. मग सेक्रेटरींना म्हणाली, "बॉल मी घेतला होता. कारण विचारू नका. शिक्षा द्या."

सेक्रेटरींनी मघाचे मोठमोठे शब्द आठवून माझ्याकडे बघितलं.

"समितीसमोर जाईल हे," ते शेवटी म्हणाले. "संघाचं या वर्षी कठीण आहे, मुली. जन्मभराच्या बंदीचं म्हणशील तर... ते मी रागात बोललो. आजचं बाई ठरवतील."

गैरवागणुकीबद्दल पाचांपैकी एक फ्रेम, म्हणजे डाव, समोरच्याला देण्याचा अधिकार पंचाला असतो. मी तो वापरला.

उस्ताद माझ्याजवळून जाताना थांबले. "बाई, तो नियम अजून आहे ना? खेळाडूला रंग ओळखता आला नाही, तर विचारायचा?"

"आहे. विचारलं तर सांगायचं, न विचारता सांगायचं नाही."

त्यांनी मान हलवली आणि ते क्यू जोडू लागले.

६

हॉल खचाखच भरला होता. मी नवा सेट मांडला, बावीसच्या बावीस. मग जाहीर केलं, "गैरवागणुकीबद्दल पहिली फ्रेम उस्तादांना देण्यात येत आहे." लोकांत कुजबुज उठली. ती मान ताठ ठेवून बसली होती, कान मात्र लाल झाले होते.

पुढच्या दोन फ्रेम तिने घेतल्या. उस्ताद आपले नेहमीसारखे खुर्चीतून अर्धवट उठून ब्राऊन पाठ करत होते. मला वाटलं, नाही विचारायचे. इतक्या वर्षांचा मान, इतके डोळे लागलेले, कसं विचारतील? मनातल्या मनात मी त्यांना माफही करून टाकलं.

चौथ्या फ्रेमला तिच्या ठोक्याने घोळका फुटला. लाल चहूकडे धावले, ब्राऊन त्यांच्यात सापडला, आणि दोन बॉल एकमेकांना चाटून वेगळे झाले. उस्ताद उठले. खडू लावला. वाकले, हनुवटी क्यूला टेकवली. आणि तसेच राहिले.

मग ते सरळ झाले. क्यूचं बूड जमिनीवर टेकवलं आणि एरवी पाणी मागायचे त्या साध्या आवाजात म्हणाले,

"पंचबाई, हा लाल की ब्राऊन?"

पहिल्या रांगेत वकीलसाहेब होते. त्यांनी हळूच चष्मा काढला. त्यांना बहुधा परवाचा तो फाऊल आठवला.

"लाल," मी म्हटलं.

"बरं." त्यांनी वाकून तो लाल घातला. असा घातला की पॉकेटच्या कडेलाही लागला नाही. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणाला कळेना.

त्यानंतर ते विचारत गेले. मी सांगत गेले. चौथी फ्रेम त्यांनी घेतली, आणि सामना बरोबरीत आला. शेवटच्या फ्रेममध्ये मात्र त्यांचा एक सोपा लाल पॉकेटच्या कडेला लागून बाहेरच राहिला, आणि पाळी तिच्यावर आली.

तिने एक लाल घातला. लालानंतर आता रंगाचा बॉल मारायचा. ती टेबलाभोवती फिरली, ब्राऊनसमोर येऊन वाकली. टेबलाच्या कडेला नाक टेकायचं तेव्हापासून तो बॉल तिने कितीदा मारला असेल याचा हिशेब नाही. ती सरळ झाली, क्यूचं बूड जमिनीवर टेकवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"पंचमावशी, हा लाल की ब्राऊन?"

आणि मग खुर्चीतून उस्तादांचा आवाज आला.

"नाटकं करू नकोस गं. दिसतंय तुला. खेळ."

हॉल हसला. त्या दिवसात पहिल्यांदा कोणी हसत होतं, आणि हसता हसता निम्मे लोक डोळे पुसत होते. पण विचारलं की सांगायचं, असा नियम आहे.

"ब्राऊन," मी म्हटलं.

तिने ब्राऊन घातला. मी तो पॉकेटमधून काढला, पुसला आणि टेबलावर त्याच्या जागी ठेवला. एरवी या क्षणी उस्ताद खुर्चीतून अर्धवट उठत. या वेळी ते मागे टेकून बसले होते. त्यांनी ब्राऊनकडे बघितलंच नाही. ते लेकीकडे बघत होते.